काका, रस्सा ओता

"दाजी, शनिवारी येतोय आम्ही. तुम्ही काही करू नका. आम्ही लिस्ट आणतोय."

डोंबिवलीचा माझा मेहुणा फोनवर हे बोलला तेव्हा मी बाल्कनीत तुळशीला पाणी घालत होतो. 'काही करू नका' म्हटल्यावर खरं तर यजमानाने सुटकेचा श्वास सोडायचा. पण सासरच्या सगळ्या गोतावळ्यात माझी एवढीच एक पत आहे: नाशिकमध्ये कुठे काय खावं ते दाजींना विचारा. अशा माणसाकडे लिस्ट घेऊन येणं म्हणजे भटजींच्या घरी आपली पोथी घेऊन जाणं. 'तुम्ही बसा गुरुजी, मंत्र आमचे आम्ही म्हणतो.'

पूर्वी हाच मेहुणा पंचवटी एक्स्प्रेसने रात्री नाशिकरोडला उतरायचा आणि तिथून पुढे पूर्णपणे माझ्या ताब्यात असायचा. रविवारी सकाळी मिसळ, मग रामकुंड, मेनरोडला सायंताराचा साबुदाणावडा, जाताना बुधा हलवायाची जिलबी आणि कोंडाजी चिवड्याची दोन पाकिटं. कार्यक्रमात बदल नाही, चर्चा नाही. पाहुणा तृप्त, मी तृप्त, खर्च आटोक्यात.

आता ते स्वतःच्या गाडीने येतात आणि गाडीतून उतरायच्या आधीच त्यांना नाशिक माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं. शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर भाचीने मोबाइल काढून लिस्ट वाचली. चौदा नावं. त्यातली तीन मला ठाऊक होती. सातवं नाव 'नाशिकचं छुपं रत्न' म्हणून होतं, ते आमच्याच गल्लीच्या तोंडाशी निघालं. रोज सकाळी दूध आणायला मी त्याच्यासमोरून जातो. गिलावा न केलेल्या विटांच्या भिंती, छतातून लोंबणारे उघडे बल्ब, लोखंडी पाइपांच्या खुर्च्या. मी समजत होतो की बिल्डरचे पैसे संपलेत. वॉचमनला एकदा 'ताबा कधी मिळणार' म्हणून विचारलंही होतं. तो माझ्याकडे विचित्र नजरेने का बघत होता, ते शनिवारी रात्री कळलं.

बाहेर खाणं ही आमच्या घरात मुळात कौतुकाची गोष्ट नव्हतीच. पंचवटीतल्या वाड्यात वाढलो मी. वडील नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये. दिवसभर नोटा छापून आलेला माणूस संध्याकाळी सांगायचा की हॉटेलात जायला पैसे नाहीत. घरातला हा सगळ्यात मोठा विनोद होता, फक्त त्यावर हसायची परवानगी नव्हती. एकदा मी मित्रांबरोबर मिसळ खाऊन आलो आणि शर्टावरच्या तांबड्या डागाने पकडला गेलो. आईने एवढंच विचारलं, "का रे, घरची चूल विझली का?"

आता घरची चूल खरोखरच विझली आहे. आणि तशीच चूल लांबून बघायला मी पार्किंगचे पन्नास रुपये भरून जातो.

तर रविवारी सकाळी आम्ही अशाच एका चुलीच्या मिसळीला गेलो. नाव सांगत नाही, कारण तिथल्या मालकाला मला पुढेही तोंड दाखवायचंय. गावाबाहेर, शेताच्या कडेला. मिसळ म्हणजे दोन बाकं, एक कळकट टेबल आणि खांद्यावर फडकं टाकलेला वेटर, ही माझी व्याख्या. इथे कमान होती, कारंजं होतं, झोपाळे होते, बैल नसलेली बैलगाडी होती आणि एक उंट होता. मटकी आणि उंट यांचा संबंध मला शेवटपर्यंत लागला नाही. भाच्याला मात्र लगेच लागला. त्याने तीन फेऱ्या मारल्या आणि उतरल्यावर जाहीर केलं की त्याला मळमळतंय, तो काही खाणार नाही.

टोकन मिळालं ८३. लाउडस्पीकरवर तेव्हा ४१ चालू होता.

गर्दीचं आम्हाला नावीन्य नाही. बारा वर्षांनी सिंहस्थ भरतो. २०१५ च्या कुंभात तीन शाही पर्वण्या झाल्या, तेव्हा बॅरिकेडमधून वाट काढत स्वतःच्याच घरी पोचलेला माणूस आहे मी. २०२७ चीही मनाची तयारी आहे. पण ती गर्दी पापं धुवायला येते, एक डुबकी मारते आणि निघून जाते. मिसळीची पर्वणी दर रविवारी असते आणि डुबकी मारून कुणी उठतच नाही. ४१ नंबरचे सहा जण रस्सा संपवून ताकावर आले होते. मग पान. मग पानवाल्याबरोबर फोटो. मग त्यांच्यातल्या आजोबांना आठवलं की त्यांनी जिलबी घेतलीच नव्हती. भुकेल्या माणसाला आजोबांविषयी काय काय वाटू शकतं, ते मी इथे लिहीत नाही.

मधल्या वेळात हात धुवायला मागे गेलो. पुढे कोपऱ्यात शेणाने सारवलेली चूल, तिच्यावर भलंमोठं पातेलं, शेजारी नऊवारीतल्या मावशी, सगळं यथासांग होतं. मागे पत्र्याच्या शेडमध्ये गॅसच्या दोन भट्ट्या भसाभस पेटलेल्या होत्या आणि त्यांच्यावर पुढच्यापेक्षा चौपट मोठी पातेली. मी कुणाला बोललो नाही. पाहुण्यांनी चुलीचे बावीस फोटो काढले होते, त्यांचा हिरमोड कशाला करायचा?

अडीच तासांनी ताट आलं. मोड आलेल्या मटकीची उसळ, त्यावर शेव, कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड, दह्याची वाटी, पापड, जिलबीचं एक वेटोळं आणि पितळेच्या चिमुकल्या बादलीत काळा रस्सा. कांदा-खोबरं पार काळपट होईपर्यंत भाजून वाटलं की तो रंग येतो, आणि वर तर्री अशी तरंगते की आपला चेहरा दिसावा. खोटं कशाला बोलू, वास आला आणि उंट, आजोबा, गॅसच्या भट्ट्या, सगळ्यांना मी मनोमन माफ केलं. बादलीला हात घातला.

"काका, थांबा! हात नका लावू!"

भाचीने मोबाइल काढला होता. आधी ताटाचा वरून फोटो. मग बाजूने. मग लिंबू पिळतानाचा, म्हणून मी लिंबू पिळलं. ते नीट आलं नाही, म्हणून शेजारच्या ताटातलं पिळलं. मग तिने माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"काका, रस्सा तुम्हीच ओता. तुमचा हात भारी दिसतोय. एकदम ऑथेंटिक."

माझ्या हाताबद्दल आजवर कुणी चांगलं बोललेलं नाही. लग्नात पाणिग्रहणाच्या वेळीसुद्धा नाही. मी बाही जरा मागे सारली.

"आणि ओतताना सांगा, मिसळ कशी खायची ते."

आता हा विषय माझा. मी सांगितलं की आधी रस्सा नुसता चाखायचा, एक चमचा, म्हणजे तिखटाचा अंदाज येतो. मग उसळीवर तो कडेकडेने ओतायचा, शेवेच्या डोक्यावर नाही, नाहीतर शेवेचा गाळ होतो. पोहे घालायचे नाहीत, ते पुणेकरांना लखलाभ. स्लाइस ब्रेड मागायचा नाही, तो कोल्हापूरकरांनी मागावा, आपला लादीपाव. आणि रस्सा संपला की वाटी पुढे करायची, लाजायचं नाही, रस्सा मागून घ्यायचा असतो.

"वा काका! आता परत एकदा. डाव्या हाताने ओता, उजेड तिकडून येतोय."

चार वेळा ओतला. जानेवारी महिना, निफाडचा पारा रोज पेपरात पहिल्या पानावर. अशा थंडीत रस्सा फार काळ कुणाची वाट बघत नाही. पाचव्यांदा मी खरोखर खायला म्हणून ओतला तेव्हा तर्रीचा पापुद्रा झाला होता. तो पापडासारखा उचलून बाजूला ठेवता आला असता. "कसा आहे?" मेहुण्याने विचारलं. मी म्हटलं, "फोटोत चांगला येईल."

ह्या शहराला अशी वखवख कधीपासून लागली, ते मी बरेचदा मोजायचा प्रयत्न करतो. माणसं काही आज बाहेरून आलेली नाहीत. ओझरला विमानांचा कारखाना आला तेव्हा दक्षिणेकडची कुटुंबं आली, आणि सांबारात गूळ ओतायचा नसतो हे आम्हाला त्यांच्या शेजारपाजारातून कळलं. देवळाली कॅम्पात फाळणीनंतर आलेल्या सिंधी घरांनी दालपकवान आणलं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांनी तर देशभरातले डबे एका कँटीनमध्ये उघडले. पण तेव्हा जो तो आपापलं खायचा आणि फार तर दुसऱ्याला घासभर द्यायचा. कुणी कुणाच्या डब्याला 'एक्सपीरियन्स' म्हणत नव्हतं.

दुपारी ते छुपं रत्न. पोटात जागा नव्हती, पण लिस्टमध्ये जागा होती. टेबलावर मेनूकार्ड नव्हतं, एका लाकडी ठोकळ्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन होता. तो मोबाइलने वाचायचा. माझ्या मोबाइलने चौकोन वाचला आणि सांगितलं की जागा शिल्लक नाही, आधी काही फोटो काढून टाका. शेवटी भाच्याने वाचून दाखवलं. ठेचा हमस. मिसळ टाको. सावरडो टोस्टवर अव्होकाडो. आणि डिकन्स्ट्रक्टेड वडापाव, ३४० रुपये.

वडापावाशी खेळ करायचं आम्हा नाशिककरांना वावडं नाही. आमच्याकडे पाववडा आहेच. पावाच्या पोटात भाजी आणि चटणी भरून, सबंध पाव बेसनात बुडवून तळायचा. सगळ्या जगात पाव बाहेर आणि बेसन आत, आमच्याकडे बेसन बाहेर. म्हणून मी उत्साहाने तो मागवला. एका पाटावर पाव आला, एका वाटीत चटणी, एका बाटलीत दुसरी चटणी, आणि एकटाच वडा, मोठ्या थाळीच्या मधोमध, शिक्षा झालेल्या मुलासारखा.

"सर, हे तुम्ही स्वतः असेंबल करायचं," वेटर नम्रपणे म्हणाला.

सातपूरच्या कारखान्यात एकतीस वर्षं मी असेंब्ली लाइनवर काढली. निवृत्त झाल्यावर रविवारी दुपारी पुन्हा असेंब्लीला उभं राहावं लागेल, तेही वर ३४० रुपये भरून, असं निरोपाच्या समारंभात कुणी बोललं नव्हतं. मी सवयीने पाव चेपून पाहिला, वडा मधोमध बसवला, चटणी दोन्ही बाजूंना सारखी लावली. एकतीस वर्षांत माझा एकही जॉब रिजेक्ट झालेला नाही. हाही झाला नसता, पण तो तयार होईपर्यंत वडा गार झाला होता.

खरा धक्का पुढे होता. तोच वेटर वळून आमच्या सौभाग्यवतींना म्हणाला, "मॅडम, तुमचं नेहमीचं?"

टेबलावर शांतता पसरली. 'नेहमीचं' हा शब्द आमच्या संसारात फक्त पोळीभाजीला आणि माझ्या पाठदुखीला लावला जातो. बायको अजिबात गडबडली नाही. "हो, पण चीज थोडं कमी," म्हणाली, आणि मग माझ्याकडे न बघता, "भिशीच्या बायका इथेच भेटतात हल्ली. तुम्हाला काय सांगायचं? तुम्ही म्हणणार, घरची चूल विझली का." हे वाक्य माझ्या आईचं आहे, माझं नाही, हे मी निदर्शनास आणून दिलं. त्याचा उपयोग झाला नाही. तिचं 'नेहमीचं' म्हणजे त्या आंबूस पावावरचा हिरवा लेप. मी तिच्या थाळीतला एक घास खाल्ला. चांगला होता. कुणाला सांगणार नव्हतो, पण चांगला होता. नंतर सगळ्यांनी मिळून पिझ्झा मागवला आणि त्याचा एक तुकडा भाच्याने माझ्या बाहीवर ठेवला.

संध्याकाळी वाइन. द्राक्षांशी आमचं घरचं नातं आहे. दिंडोरीला चुलतकाकांची थॉमसनची बाग आहे, आणि लहानपणी सुट्टीत तिथे द्राक्षं खाल्ली ती मोजून नाही, आजारी पडेपर्यंत. सुलाने २००५ साली गंगापूर धरणाच्या बाजूला टेस्टिंग रूम उघडली, तेव्हा काका एकदा कुतूहलाने बघून आले होते. दोन दिवस गप्प होते. मग म्हणाले, "जन्मभर आम्ही देवाला नवस केले की अवकाळी पडू नको, मणी फुटू देऊ नको. आणि हे लोक हौसेने मणी फोडतात, वर बघायला तिकीट लावतात." पुढे त्यांनीच दोन एकरांवर वाइनची जात लावली, ते पुन्हा कधी बोलले नाहीत.

आम्ही गेलो ती वायनरी लहान होती. एका मुलीने आमच्यापुढे पाच ग्लास मांडले. प्रत्येकात औषधाच्या टोपणाएवढी वाइन. आधी ग्लास फिरवायचा, मग त्यात नाक घालायचं, मग काय काय वास येतोय ते सांगायचं, आणि मगच प्यायचं. बोलत बोलत ओतणं सकाळी झालंच होतं, आता बोलत बोलत पिणं. मेहुणा म्हणाला, पॅशन फ्रूट. ते त्याने आयुष्यात पाहिलेलं नाही, मी पैजेवर सांगतो. वहिनी म्हणाल्या, पेरू. मुलीने माझ्याकडे पाहिलं, "सर, तुम्हाला?"

मला स्पष्ट ढोबळी मिरचीचा वास येत होता. असं बोलणं बरं दिसेल का, ह्याचा जरा विचार केला आणि मग खरं ते सांगून टाकलं.

"एक्झॅक्टली, सर!" मुलगी टाळी वाजवायचीच राहिली. "सोव्हिन्यॉं ब्लां! ढोबळी मिरची हीच तिची खूण. फार कमी लोकांना पहिल्यांदा ओळखता येते. तुम्ही ह्या क्षेत्रात आहात का?"

सगळं सासर माझ्याकडे आदराने बघू लागलं. मी खाली पाहिलं. बाहीवर दुपारच्या पिझ्झ्यावरची ढोबळी वाळून चिकटली होती. मी सावकाश हात टेबलाखाली घेतला आणि म्हणालो, "घरात द्राक्षाची बाग आहे ना, नाक तयार झालंय." पुढच्या चार ग्लासांचे वास मी एकामागून एक सांगितले. त्यातला एकही बरोबर नसावा, पण आता कुणी हरकत घेत नव्हतं.

सोमवारी पहाटे मंडळी गेली. लिस्टमधली चौदापैकी तीनच ठिकाणं झाली होती, म्हणून होळीला पुन्हा येणार आहेत. जाताना कोंडाजी चिवडा घेतला का, म्हणून विचारलं, तर मेहुणा म्हणाला, "तो आता डोंबिवलीला घरपोच येतो, दाजी."

बुधवारी भाचीचा फोन आला. "काका, एक लाख!"

"कसले?"

"व्ह्यूज! तुमच्या मिसळीच्या रीलला!"

बायकोच्या मोबाइलवर पाहिलं. माझा हात, बादली, काळ्या रश्श्याची संथ धार, आणि मागून माझा आवाज: रस्सा मागून घ्यायचा असतो. खाली शेकडो कमेंट. निम्म्यांत पुणे आणि कोल्हापूर एकमेकांच्या अंगावर गेले होते आणि मधूनच दोघे मिळून नाशिकवर. उरलेल्यांत 'काकांचा हात बघा', 'असे काका प्रत्येक हॉटेलात हवेत', 'काका रॉक्स'. कुणीतरी लिहिलं होतं, 'हे आमच्या सोसायटीत राहतात, पार्किंगवरून फार भांडतात.' ते सोडता सगळं छान होतं. मी तो व्हिडिओ एकदा पाहिला. म्हणजे बुधवारी एकदा. गुरुवारचं मोजलेलं नाही.

पुढच्या रविवारी मी एकटाच गेलो त्याच ठिकाणी. कारण अगदी साधं होतं, परवाचा रस्सा गार खावा लागला होता, तो एकदा गरम खायचा होता. निघताना बायकोने दारातच अडवलं. "मिसळ खायला इस्त्रीचा पांढरा शर्ट?" मी म्हटलं, बाकीचे धुवायला आहेत. तिने कपाट उघडून दाखवायच्या आत मी जिना उतरलो.

टोकनवाल्या मुलाने वर पाहिलं, परत पाहिलं, आणि उठूनच उभा राहिला. "काका, तुम्ही तेच ना? आत या, आत या." बाहेर ८३ नंबरपेक्षाही लांबची माणसं ताटकळत होती. त्यांच्यात एक भुकेला गृहस्थ माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता, ती नजर माझ्या चांगल्या ओळखीची होती. मी मान खाली घालून आत शिरलो. दोन मिनिटांत ताट आलं. पापड एकाऐवजी दोन. रश्श्याच्या बादलीतून वाफा निघत होत्या.

मी बादलीला हात घातला, तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून एक बाई म्हणाल्या, "अय्या, तुम्ही रीलमधले काका! आम्ही बोरिवलीहून आलोय, मुद्दाम. एकदा ओतून दाखवा ना, प्लीज. मुलांना दाखवायचंय."

नाही म्हणायला मी तोंड उघडलं होतं. तोंडातून आलं, "आधी रस्सा नुसता चाखायचा. एक चमचा."

बोरिवलीचं झालं, मग त्यांच्या पलीकडे ठाणे होतं. ठाण्याच्या मुलाचा मोबाइल ऐन वेळी बंद पडला म्हणून ते परत घ्यावं लागलं. मग एक सुरतचं कुटुंब, त्यांच्यासाठी हिंदीतून. बादलीतली वाफ कधी थांबली ते कळलं नाही. वेटर रस्सा वाढायला आला. मला वाटलं, हा तरी ओळखेल की माणूस उपाशी आहे. तो वाकून हळूच कानात म्हणाला,

"काका, डाव्या हाताने ओता. उजेड तिकडून येतोय."